सगळ्या तासांना हजर

दादासो जगदाळेला कॉलेजात पहिल्या दिवशी तिघांनी वाकून नमस्कार केला आणि एकाने चहा आणून दिला. त्यांची तरी काय चूक म्हणा. अडतीस वर्षांचा, ताठ पाठीचा, पिळदार मिशांचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस बी.ए.च्या पहिल्या वर्गात दुसऱ्या बाकावर का बसला असेल, हे कुणाला सुचणार? मराठीच्या सरांना वाटलं, कुणाचे तरी वडील आलेत. ऑफिसातल्या मंडळींना वाटलं, विद्यापीठाकडून तपासणी आली. चहा आणणाऱ्या शिपायाला काय वाटलं ते त्याने कधी सांगितलं नाही, पण पुढे बरेच दिवस तो चहा आणत राहिला, आणि दादासोही ड्यूटी समजून तो पीत राहिला.

खरं तर दादासोला कॉलेजात जायचंच नव्हतं. म्हणजे नको होतं असंही नाही. आपल्याला कुठे जायचंय आणि कुठे जायचं नाही, हा प्रश्नच त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. बारावीचा निकाल लागायच्या आत वडिलांनी, तात्याबांनी, त्याला भरतीच्या मैदानावर नेऊन उभा केला. आष्ट्याच्या जगदाळ्यांच्यात दर पिढीला एक जण फौजेत जायचा, या पिढीला नंबर दादासोचा होता. तो पळाला, छाती फुगवली, पास झाला. फौजेने जम्मू म्हटलं, तो जम्मूला गेला. आसाम म्हटलं, आसामला गेला. सुट्टीवर आला तेव्हा तात्याबा म्हणाले, परवा पोरगी बघायला जायचंय, तर हा शर्टाला इस्त्री करून तयार. पोरगी कशी वाटली, हे कुणी विचारायच्या आत साखरपुड्याची तारीख ठरली होती. नशीब, की मंगल त्याला आवडली होती. पण नसती आवडली तरी हा बाबा 'ठीक है'च म्हणाला असता, असं मंगल अजूनही सांगते. सांगताना हसते, पण त्या हसण्यात थोडा राग असतो. तो राग मला रास्त वाटतो.

एवढी वर्षं त्या बाईने आष्ट्याच्या मळ्यात एकटीने काढली. उसाला पाणी, सासूचं दुखणं आणि शेवट, मुलीची म्हणजे प्रांजलची सगळी शाळा, सासऱ्यांचा स्वभाव. नवरा हवालदार होऊन कायमचा घरी आला, तेव्हा तिला वाटलं, आता तरी दोघांनी मिळून संध्याकाळचा चहा प्यायचा. तर तिसऱ्याच महिन्यात साताऱ्याहून नानासो सुभेदारांचा फोन आला. नानासो हे दादासोचे फौजेतले जुने वरिष्ठ, आता साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षेचे प्रमुख. ते म्हणाले, गेटवर भरवशाचा माणूस मिळत नाही, एक वर्ष येऊन थांब. सुभेदारांना नाही म्हणायची सवय दादासोच्या जिभेला नव्हती.

"एक वर्ष," मंगल म्हणाली. "एक वर्ष म्हंजे एक वर्ष. पुढचा उन्हाळा आला की गुमान घरी यायचं. मग कुणाचाबी फोन येऊ दे."

"शब्द दिला," दादासो म्हणाला.

साताऱ्यात त्याची पाळी दुपारी सुरू व्हायची. सकाळ रिकामी. आणि रिकामी सकाळ फौजी माणसाला चावते. पळून यायचा, खोली झाडायचा, बूट चमकवायचा, तरी आठच वाजलेले असायचे. नानासोंनीच सुचवलं, कॉलेजात नाव घाल; पदवी असली की कधीतरी उपयोगी पडते, आणि वर्षभरानंतर राहिलेलं घरबसल्या बहिस्थ करून टाक. दादासोने 'ठीक है' म्हटलं आणि नाव घातलं. इथवर या गोष्टीत त्याची स्वतःची अशी इच्छा कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने हल्ली बी.ए.च्या पोरांना मुख्य विषयाच्या जोडीला एखादा भलताच विषय घेता येतो. या कॉलेजात तसे सहा होते: मोडी लिपी, पक्षी आणि वनस्पती, मातीकाम, संगीत, तर्कशास्त्र आणि नाट्य. पहिल्या आठवड्यात संयोगिता मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं, सहाही वर्गांची दारं उघडी आहेत, पंधरा दिवस हिंडा, बसा, बघा, मग त्यातला एक निवडा. संयोगिता मॅडम नाट्य शिकवायच्या आणि या सहा विषयांचं सगळं त्याच बघायच्या. वयाने दादासोपेक्षा चार वर्षांनी लहान, पण आवाज असा की दादासोने मनातल्या मनात त्यांना कॅप्टनचा हुद्दा देऊन टाकला.

आता फौजेतून आलेला माणूसच करील अशी चूक दादासोने केली. निवडायचं म्हणजे वरचे साहेब लोक निवडणार, हे तो धरूनच चालला. फौजेत असंच असतं. तू ड्रायव्हर, तू सिग्नलला, तू कोठीवर, हे वरून येतं. तेव्हा आपल्याला कुठला विषय मिळाला त्याची ऑर्डर येईल, आणि ऑर्डर येईपर्यंत जिथे जिथे वेळ आणि खोली लिहिलीय तिथे तिथे हजर राहायचं. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दसरा गेला. ऑर्डर काही येईना. दादासो सहाही विषयांना हजर. कुठल्याच हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं, पण त्याला उठून जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मातीकामाच्या सरांना तो संस्थेने नेमलेला निरीक्षक वाटायचा, त्यामुळे त्या वर्षी त्यांनी फार मन लावून शिकवलं.

आणि या चुकीच्या पोटात दादासोचं नशीब उघडलं.

मोडीच्या वर्गात त्याला पहिल्यांदा कळलं की अक्षरं अशी हात न उचलता, पळत पळत लिहिता येतात. त्याने गेटवरच्या केबिनमध्ये बसून 'मंगल' लिहिलं, चांगलं जमेस्तोवर लिहिलं आणि फोटो काढून पाठवला. उलट उत्तर आलं, "ह्या काय मुंग्या पाठवल्यात?" तो तरीही दिवसभर खुशीत होता. मातीकामात त्याच्या हातून जे पहिलं भांडं निघालं ते कशाचं भांडं हे सरांनाही सांगता आलं नाही, पण ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसायचं हे सुख त्याला अडतिसाव्या वर्षी मिळालं. संगीताचं मात्र जमलं नाही. त्याचा जीव पेटीवर जडला, पेटीचा त्याच्यावर नाही. आयुष्यभर परेडला ओरडलेल्या गळ्यातून 'सा' निघाला की शेजारच्या वर्गातली पोरं आपोआप सरळ बसायची. नाट्याच्या वर्गात तो कोपऱ्यात बसून दुसऱ्यांची वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणायचा. तर्कशास्त्राच्या सरांनी एक दिवस त्याला उभं करून विचारलं, तुम्ही फौजेत का गेलात? तो म्हणाला, वडिलांनी सांगितलं म्हणून. सर म्हणाले, हे कारण वडिलांचं झालं, तुमचं काय? दादासो त्या दिवशी आख्खी पाळी गेटवर उभा राहून याचा विचार करत होता, आणि दोन ट्रक त्याने नोंद न घेताच आत सोडले.

पक्ष्यांनी तर त्याला वेड लावलं. गेटच्या आतल्या खडीच्या पट्ट्यात, जिथे ट्रक उभे राहायचे, तिथे एका टिटवीने अंडी घातली होती. पूर्वीच्या दादासोला ती खडीच दिसली असती. या दादासोने अंड्यांभोवती विटा मांडल्या, लाल फडकं बांधलेली काठी रोवली आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकला वळसा घालून पलीकडे लावायला लावलं. ड्रायव्हर लोक वैतागले. मॅनेजरसाहेब स्वतः बघायला आले, म्हणाले, हे काय चाललंय? "आत फॅमिली क्वार्टर आहे सर," दादासोने सलाम ठोकून सांगितलं. मॅनेजर हसले आणि निघून गेले. विटा तशाच राहिल्या.

हे सगळं तो संध्याकाळच्या चहाच्या सुट्टीत मंगलला फोनवर सांगायचा. फौजेतून त्याचे फोन म्हणजे पगाराच्या पावतीसारखे असत: तब्येत, पाऊस, पोरीची शाळा, ठेवतो. आता हा माणूस थांबेचना.

"आवं, टिटवीचं काय कौतिक सांगताय? अशुभ असतीया ती," मंगल म्हणायची.

"का अशुभ? कारण सांग की."

"आता ह्याला काय कारण? समदी म्हणत्यात."

"समदी म्हणत्यात हे कारण न्हवं. आमचं सर म्हणत्यात—"

"तुमच्या सरास्नी म्हणावं, इकडं मळ्यात या. तोडणीची टोळी आज न्हाई, उद्या म्हणतीया. त्याचं कारण सांगा म्हणावं."

पण फोन ती ठेवायची नाही. हेही खरं, की सुट्टी संपल्याची घंटा वाजली की पहिल्यांदा तिलाच वाईट वाटायचं.

दिवाळीनंतर संयोगिता मॅडमनी दादासोला बोलावून घेतलं. मुख्य विषय इतिहास, आणि इतिहासाच्या तासांना तो निम्म्याहून अधिक वेळा गैरहजर. सहा ठिकाणी हजर राहायचं म्हणजे कुठेतरी गैरहजर राहावंच लागणार.

"तुम्ही विषय निवडला नाहीत, दादासो."

"ऑर्डर आली नाही, मॅडम."

"कसली ऑर्डर?"

"मला कुठला मिळाला, त्याची."

मॅडमना आधी हसू आलं. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गिळलं. माणूस थट्टा करत नव्हता.

"मिळत नाही हो," त्या हळू म्हणाल्या. "मागायचा असतो. तुम्हाला जो हवा तो. सोमवारी सांगा मला."

शुक्रवार ते सोमवार दादासोचे फार वाईट गेले. आसामात रात्रभर गस्त घालताना जेवढा घाम आला नसेल तेवढा या चार दिवसांत आला. खोलीत बसून तो एकेक विषय डोळ्यांपुढे आणायचा आणि दुसऱ्याची दया येऊन पहिला सोडायचा. मंगलला विचारलं, ती म्हणाली, "मला काय इचारताय? तुमचं शिकायचं मी कसं निवडू?" नानासोंना विचारलं, ते म्हणाले, ज्यात मार्क पडतात तो घे. वर्गातला साईराज, फलटणचा, वीस वर्षांचा पोरगा, तो मात्र म्हणाला, "दादा, आमी एक नाटक बसवालोय. मीच लिवलंय. फौजी माणसाच्या घराचं हाय. तुमी पायजे त्यात." 'तुमी पायजे' हे शब्द ऐकून दादासोच्या आत काहीतरी हललं. पण तेवढ्यावर जायचं नाही, असं त्याने ठरवलं. कुणी बोलावलं म्हणून जायचं असतं तर मग सगळं पहिल्यासारखंच. सोमवारी सकाळी तो उठला आणि कुणी न सांगता त्याला कळलं, की आज आपल्याला कुठल्या खोलीकडे जावंसं वाटतंय.

"नाट्य," तो मॅडमपुढे उभा राहून म्हणाला. आवाज परेडचाच होता.

साईराजच्या नाटकात एक फौजी होता, त्याची बायको होती, म्हातारा बाप होता. पोरांनी धरूनच ठेवलं होतं की दादासो फौजी होणार. वर्दीही आयती होती. मॅडमनी सगळ्यांना वाचायला लावलं, आणि दादासोच्या हातात बायकोचं काम ठेवलं.

"ही मिशी, मॅडम?"

"राहू द्या मिशी. फौजी तुम्हाला येतोच. जे येत नाही ते करा."

पहिले आठ दिवस त्याने ते काम परेडसारखं वाचलं. 'येताना लवकर या' हे वाक्य तो असं म्हणायचा की समोरच्याला पोहोचण्याआधीच निघावंसं वाटावं. मॅडम म्हणाल्या, नवरा एस.टी.त बसला, एस.टी. वळली, आता तुम्ही घरात आलात. काय कराल? दादासोला खरंच माहीत नव्हतं. तो नेहमी एस.टी.च्या आत होता.

त्या संध्याकाळी त्याने फोनवर विचारलं, "मंगल, मी सुट्टी संपवून जायचो, तवा गाडी गेल्यावर तू काय करायचीस?"

पलीकडून तवा खाली उतरवल्याचा आवाज आला.

"भांडी घासायची," ती म्हणाली. "घरातली सगळी. घासलेली बी परत काढायची. परात, पाण्याचा हंडा, डबं. आत्याबाई म्हणायच्या, आगं ती सवच्छ हायती. मी म्हणायची, असू द्या. मोठ्यानं वाजवून घासलं की रडलेलं ऐकू येत न्हाई."

चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली, एक ट्रक हॉर्न देत उभा राहिला, तरी दादासो फोन कानाला लावून उभाच. इतक्या वेळा तो त्या मळ्यातून निघाला होता, आणि त्याच्या मागे दर वेळी भांडी वाजली होती, हे त्याला आज कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की ते कुठे ठेवावं ते समजेना.

जानेवारीच्या स्नेहसंमेलनात नाटक झालं. मंगल प्रांजलला घेऊन आली होती, तिसऱ्या रांगेत बसली होती. पडदा उघडला आणि डोक्यावर पदर, नाकाखाली मिशी असा दादासो दिसताच हॉलभर हशा उसळला. शिट्ट्या पडल्या. दादासो थांबला नाही. एस.टी. गेल्यावर तो स्टेजच्या मधोमध बसला, चकचकीत परात पुढे ओढली आणि घासायला लागला. काही बोलला नाही. नुसता घासत राहिला, जोरात, आणखी जोरात. हसणं विरत गेलं. मागच्या रांगेतली, बाहेरगावाहून आलेली फौजींची पोरं एकदम शांत झाली. साताऱ्याच्या कॉलेजात अशी पोरं कमी नाहीत.

मंगल टाळ्या संपायच्या आत उठून बाहेर गेली. दादासो तोंड धुऊन धावत स्टँडवर पोचला, तर ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. प्रांजल शहाण्यासारखी पाण्याची बाटली आणायला म्हणून लांब गेली.

"माझी भांडी आख्ख्या गावाला दावली तुमी," मंगल म्हणाली.

"चुकलं माझं."

"मी तुमाला सांगितलं हुतं. तुमाला. त्या पोरास्नी न्हाई."

"आधी इचारायला पायजे हुतं. खरंच चुकलं, मंगल."

तिने मांडीवरची पिशवी बाकावर बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आन परात अशी न्हाई घासत. कडंनं घासत आत यायचं असतंय." एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले. तेव्हा दादासोला जरा धीर आला.

उन्हाळा आला. दादासोने परीक्षा दिली, इतिहासात काठावर पास झाला आणि नाट्यात वर्गात पहिला आला, नानासोंना सलाम केला आणि ठरल्याप्रमाणे ट्रंक उचलून आष्ट्याला आला. दुसऱ्या वर्षाचं कुणापुढे त्याने नाव काढलं नाही. मॅडमनाही नुसतं 'येतो' म्हणाला. बहिस्थ करता येईल, हे खरं होतं. पण घरबसल्या इतिहास वाचता येतो, नाटक बसवता येत नाही. ते त्याने मनात दाबून टाकलं, कारण शब्द दिला होता.

तात्याबांना आनंदाने जेवण गोड लागायला लागलं. मुलगा पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, सांगितलेल्या वाफ्याला पाणी देतो, सांगेल तेवढं खत टाकतो. मंगललाही पहिले चार दिवस तसंच वाटलं. संध्याकाळी दोघं पडवीत बसून चहा प्यायची, एवढ्या वर्षांनी.

पण दादासो बोलेचना. भाजी काय करू म्हटलं तर "काहीबी." खालच्या तुकड्यात ऊस लावायचा का सोयाबीन, तर "तात्या म्हणतील तसं." झाडावर कुठला पक्षी ओरडतोय असं तिनेच मुद्दाम विचारलं, तर त्याने नाव सांगितलं आणि गप्प झाला. माणूस घरी आला होता आणि गेल्या वर्षी रोज संध्याकाळी फोनवर जो भेटायचा तो मात्र कुठेतरी राहिला होता. मंगल चिडली. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते समोर बसलंय आणि तरी आपल्याला त्या फोनची आठवण येते, याचाच तिला जास्त राग आला.

एका सकाळी बांधावर न्याहारी उरकताना तिने विषय काढला.

"कालिजात नावं घालायला लागली असतील आता."

"व्हय. ह्या आठवड्यात."

"तुमाला जायचंय?"

"शब्द दिलाय न्हवं मी. एक वर्ष झालं."

"शब्दाचं मी इचारलं न्हाई. तुमाला जायचंय काय, ते इचारलं."

"तू म्हणशील तसं."

मंगलने हातातली भाकरी फडक्यात परत ठेवली. "मी म्हणीन तसं न्हाई, तात्या म्हणतील तसं न्हाई, आन तुमचं ते सुभेदार म्हणतील तसं बी न्हाई. लगीन झाल्यापासनं तुमी माझ्याकडं कवा काय मागितलं न्हाई. लोकास्नी वाटतंय, किती चांगला माणूस. मला काय वाटतंय म्हाईत हाय? ह्या माणसाला माझ्याकडनं काय नकोच हाय. आज तोंडानं मागा. मग मी न्हाई म्हणायचं का व्हय, ते माझं मी बघीन."

दादासोने मान खाली घातली. उसाच्या सरीतून पुढे सरकणाऱ्या पाण्याला हाताने वाट करून दिली. बोलला तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की परेडच्या मैदानावरच्या कुणीही तो ओळखला नसता.

"मला जायचंय, मंगल. अजून दोन वर्षं. मला लय आवडतंय ते सगळं. पर तू हितं एकटी हाईस, ह्याचंबी वाईट वाटतंय. दोन्ही खरं हाय."

"झालं की मग," मंगल म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "एवढं बोलाया किती वर्सं लावली!"

"आन तुला?" दादासोने विचारलं. "तुला काय पायजे?"

त्याला वाटलं होतं, ती म्हणेल काही नको. किंवा विचार करून सांगते. पण तिचं उत्तर इतकं झटकन आलं, जणू ते कधीचं तोंडात तयार होतं आणि विचारणाराच भेटत नव्हता.

"मला पवायला शिकायचंय."

"पवायला?"

"व्हय. माझं म्हायेर आटपाडीकडचं. हिरीत पाणी असायचं कुठं? हितं आले तर पाणीच पाणी. तुमच्याकडची बारकी पोरं हिरीत उड्या मारायची, प्रांजलबी शिकली, मी काठावर तिची कापडं धरून उभी. मला लय वाटायचं. पर बाईमाणसाला कोण म्हणतंय, उतर खाली?"

तात्याबांना हे कळलं तेव्हा त्यांनी काठी आपटली. "ह्या वयात?"

"तुमचं पोरगं ह्या वयात कालिजात जातंय, मामंजी," मंगल म्हणाली. तात्याबा तर्कशास्त्र शिकलेले नव्हते, पण उत्तर नाही हे त्यांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं विहिरीत पोचली तशी मंगल प्रांजलचा सलवार-कमीज घालून पायऱ्या उतरली. कमरेला औषध फवारणीचा रिकामा, धुतलेला प्लास्टिकचा कॅन बांधलेला. दादासो छातीभर पाण्यात उभा. वर तात्याबा विहिरीकडे पाठ करून, काठी आडवी धरून वाटेवर उभे राहिले. कुणी पाण्याला, कुणी विळा मागायला यायचं, त्याला ते लांबूनच ओरडून परत पाठवायचे. "तिकडं जाऊ नगंस रं! मोटर दुरुस्ती चालू हाय!" बघता बघता म्हातारा या पहाऱ्यात इतका रंगला की कुणी येईनासं झालं तेव्हा त्याला चुकल्यासारखं झालं.

"हात पुढं! पाय मार! एक, दोन!" दादासो पाण्यात सुरू झाला.

"आरडू नका माझ्यावर. मी काय रंगरूट हाय?"

त्याने आवाज खाली आणला. दोन्ही हात तिच्या पोटाखाली धरले. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि पाय झाडले. पाणी त्याच्या मिशीवरून ओघळलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिचे पाय हळूहळू एका चालीत पडायला लागले.

"आता सोडा," ती म्हणाली.

"अजून न्हाई. भरवसा न्हाई."

"कॅन बांधलाय की. सोडा म्हणतीया न्हवं."

दादासोला सोडवत नव्हतं. गाडीत बसून निघून जाणं त्याने आयुष्यभर केलं होतं, पण पाण्यात धरलेलं माणूस हातातून सोडायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने एक हात काढला. मग दुसरा काढला, पण पाण्याखाली जवळच ठेवला.

मंगल नाकापर्यंत खाली गेली, दोन घोट पाणी प्यायली, जोरात हात मारले आणि पायरीच्या दगडाला जाऊन धडकली. दगड घट्ट धरून ती खोकत होती आणि खोकता खोकता हसत होती. दादासो घाबरून जवळ आला, तर तिने त्याला हाताने लांब लोटलं.

"कवा जायचं हाय साताऱ्याला?" तिने विचारलं.

"शनिवारपातूर नाव घालायचं हाय."

"मग उद्याच्या गाडीनं जावा. फाट्यापातूर मी येते सोडायला. आन दर रविवारी यायचं. सुभेदारांकडनं गेटची ड्यूटी परत धरली तरी बदलून यायचं." तिने कपाळावरचे ओले केस मागे सारले, कॅनची दोरी कमरेला पुन्हा घट्ट आवळली आणि पायरीचा दगड सोडला. "आता पलीकडच्या भिंतीला जाऊन येते. तुमी हितंच थांबा."